सव्वा महिना मालीशवाल्या मावशी लावल्या, त्याचा अनुभव (पैशांच्या हिशेबासकट)

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांचं बाळ आत्ता मांडीवर रडतंय त्यांना सगळं वाचत बसायला नको. बाळंतपणानंतर घरी येऊन बाळंतिणीला आणि बाळाला तेल-मालीश करून न्हाऊ घालणाऱ्या मावशी मी लावल्या होत्या. रोजचे ५०० रुपये, दोघींचे मिळून. ३८ दिवस आल्या, म्हणजे १९,००० रुपये झाले. पाचपैकी साडेचार गुण देते. या सगळ्या बाळंतपणात ज्यावर पैसे घातल्याचं सगळ्यात जास्त समाधान आहे ती गोष्ट हीच.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. चौथा मजला, दोन खोल्या आणि हॉल. मुलगी डिसेंबरात झाली, सिझेरियन. माझं माहेर बार्शीचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात झालेलं, त्यामुळे तिला यायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. सासूबाई सोलापूरहून आल्या, पण अकरा दिवसांतच सासऱ्यांच्या तब्येतीमुळे त्यांना परत जावं लागलं. नवऱ्याला कंपनीकडून ५ दिवसांची रजा. मला कायद्याप्रमाणे २६ आठवडे मिळाले, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण रजा आहे म्हणजे घरात कोणी आहे असं होत नाही.

मावशींच्या आधी एका एजन्सीकडून चोवीस तासांची बाई घेतली होती. नाव लिहीत नाही, आता भांडायची ताकदही नाही. नोंदणीचे ५,००० आणि महिन्याचे ३०,००० ठरले. 'प्रशिक्षित' म्हणून जी मुलगी आली तिने स्वतःच मला सांगितलं की तिला एक दिवस व्हिडिओ दाखवले होते. वय एकोणीस-वीस. घरापासून लांब आलेली, रात्री स्वतःच्या आईशी फोनवर बोलून रडायची. तिच्यावर माझा राग नाही, तिलाच कोणीतरी सांभाळायला हवं होतं. चौथ्या दिवशी ती गेली. बदली पाठवतो म्हणाले, आलं कोणीच नाही. नोंदणीचे पैसे अजून अडकलेत. एक सांगते, कोणी 'प्रशिक्षित' म्हटलं की कशाचं प्रशिक्षण, कुठे आणि किती दिवस, हे त्या बाईलाच विचारा, ऑफिसातल्या माणसाला नको.

मावशी मिळाल्या त्या आमच्या भाजीवाल्या काकूंमुळे. बाळ नऊ दिवसांचं होतं. मूळच्या भोर तालुक्यातल्या, आता धायरीतच राहतात, वय साठीच्या आसपास. बेल वाजली तेव्हा साडेनऊ झाले होते. तोवर घरात जो कोणी आला होता तो दार उघडल्याबरोबर 'बाळ कुठंय?' म्हणत आत गेला होता. मावशींनी चपला काढल्या, हात-पाय धुतले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, आदी तू काय खाल्लंस?"

मी सकाळपासून चहा आणि दोन बिस्किटं खाल्ली होती. त्यांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "ताई, मऊ भात टाका, मी थांबते." तूप-मेतकूट घातलेला भात माझ्या पोटात गेल्यावरच त्यांनी हात लावला.

मालीशचं नीट लिहिते, कारण यावरच बहुतेक जणी प्रश्न विचारतात. सिझेरियन आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा टाके बघितले, मग विचारलं, डॉक्टरनी आंघोळीला हो म्हटलंय का. मी फोन करून विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की हात, पाय, पाठ, डोकं चालेल, पोटाला आपण सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मावशींनी तो शब्द शेवटपर्यंत पाळला. डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाल्या होत्या, ती सगळ्यांना माहीत हवी. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर त्या पायाला मालीश करायची नाही, लगेच दाखवायचं. आत रक्ताची गाठ असू शकते. मावशी त्या दिवसापासून रोज दोन्ही पोटऱ्यांवर आधी नुसता तळहात ठेवून बघायच्या. तेल नंतर.

तेल तिळाचं. कढल्यात दोन लसूण पाकळ्या आणि चिमूटभर ओवा घालून तापवलेलं, मग कोमट होईपर्यंत गार केलेलं. सुरुवात तळव्यांपासून. अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे, मग घोट्याभोवती गोल, मग पोटरीवरून वर. मला स्टुलावर बसवून पाठीला लावायच्या. त्यांच्या तळहाताला घट्टे आहेत, पण ते टोचत नाहीत. नऊ महिने ज्या ठिकाणी कंबर आखडून राहिली होती, नेमकी तीच जागा त्यांना न सांगता सापडायची. तिथे जोर न लावता तळहाताचा खालचा भाग नुसता टेकवून ठेवायच्या, आतला ताठपणा सुटेपर्यंत. मग न्हाणीघरात कढत पाण्याची बादली. एका हाताने माझा खांदा धरायच्या आणि दुसऱ्या हाताने तांब्या, कमरेवर, न थांबता, एकामागून एक. टाक्यांवर थेट धार पडू द्यायच्या नाहीत. नंतर धुतलेला मऊ पंचा घेऊन टाक्याची जागा नुसती टिपायच्या, घासायच्या नाहीत. पहिल्या दिवशी ते पाणी पाठीवरून उतरत होतं आणि मला हुंदका आला. त्या थांबल्या नाहीत, तांब्या चालूच ठेवला. म्हणाल्या, "रड. दूध उतरतं तसं पानी बी उतरतं डोळ्यातनं."

बाळाची आंघोळ म्हणजे बघत राहावं अशी. खाली पाटावर बसून पाय लांब सोडायच्या, बाळ नडगीवर पालथं, मान घोट्यापाशी अलगद टेकलेली. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घेतलं, नंतरच पायावरची आंघोळ. आमची मुलगी पहिले दोन दिवस किंचाळली, तिसऱ्या दिवसापासून पालथं घातलं की गप्प व्हायची. कुंची बांधून, दुपट्यात गुंडाळून, माझ्या हातात द्यायच्या तेव्हा तिच्या टाळूला तेलाचा वास असायचा. ती मग तीन तास झोपायची, आणि मीही.

आता मतभेदाचं. जिथे ठाम नाही म्हणायची गरज आहे तिथे म्हणायलाच हवं, मावशी कितीही चांगल्या असल्या तरी.

त्यांना बाजेखाली कोळशाची शेगडी हवी होती. थंडी होती, त्यांच्या गावात सगळ्यांना हाच शेक. पण तिथे कौलारू घर, वाऱ्याला वाट. आमच्या बेडरूममध्ये खिडकी बंद करून कोळसे पेटवले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आई-बाळ दोघंही झोपलेली. मी नको म्हटलं. त्या दोन दिवस जरा नाराज होत्या. मग गरम पाण्याची पिशवी पाठीला, कमरेला शेकायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, हे बरं हाय, राख काढायला नको. धुरीचंही तसंच. ओवा, वावडिंग, शेपा निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी द्यायची होती, पण डॉक्टरांनी नवजात बाळाजवळ धूर नको असं साफ सांगितलं होतं. शेवटी माझे ओले केस वाळवायला त्यांनी बाल्कनीत, दार लावून, थोडीशी धुरी दिली. मुलगी आत.

दुसरं, मुलीची छाती जरा फुगली होती. आईच्या शरीरातल्या हार्मोन्समुळे नवजात मुलांना, मुलींना, दोघांनाही असं होतं आणि आपोआप जातं. मावशी ते दाबून 'दूध काढायला' निघाल्या. मी हात धरला. तिथे दाबलं की जंतुसंसर्ग होऊ शकतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "आमी सगळ्यांची काढली." मी म्हटलं, "मावशी, हिची नको." त्यांनी नाही काढली. नाकात-कानात तेल, डोळ्यात काजळ, उगाळलेली गुटी, मध, हे सगळं मी नको म्हटलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद फ्रिजवर लावला. प्रत्येक गोष्टीला त्या एकदा वाद घालायच्या आणि मग ऐकायच्या. अर्धा गुण कापला तो या वादांसाठी. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला पंधरा मिनिटं उभं राहून समजावत बसणं झेपत नाही. मधले दोन दिवस न कळवता आल्या नाहीत, तेही त्यातच धरा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

बाळ चौदा दिवसांचं असताना सकाळी मावशींनी पाठीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "अंग तापलंय तुजं." मला वाटलं थंडीमुळे. त्यांनी विचारलं, छाती बघू का. उजव्या बाजूला वर लाल चट्टा होता, हात लावला की कळ जायची, आत सुपारीएवढी गाठ. मला वाटत होतं त्या आता दाबून गाठ मोकळी करतील, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या जणी तेच सुचवत होत्या. त्यांनी तेलाची वाटी उचलून ओट्यावर ठेवली. "आज मालीश न्हाय. आदी डॉक्टर. आणि पोरीला त्या बाजूचं बी पाज, बंद करू नको." डॉक्टरांकडे गेले तेव्हा ताप १०१ होता. स्तनदाह म्हणाल्या, अँटिबायोटिक लिहून दिलं, थंड शेक घ्यायला सांगितलं, आणि पाजणं चालू ठेवा, जोराने चोळू नका, असंच सांगितलं. चार दिवसांत उतरलं. मालीशवाल्या बाईची परीक्षा कुठे होते ते मला त्या दिवशी कळलं. तेल कुठे लावायचं हे सगळ्यांना येतं. वाटी कधी खाली ठेवायची हे त्यांना येत होतं.

आणि हे बघा. मुलीच्या तपासण्या सातव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, वजन, कावीळ, सगळं ठरलेलं होतं. माझ्यासाठी दहाव्या दिवशी टाके बघणं आणि मग एकदम सहा आठवड्यांनी या, एवढंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की प्रसूतीनंतर पहिल्या २४ तासांशिवाय आणखी किमान तीन वेळा आईला आणि बाळाला बघावं: दोन-तीन दिवसांनी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात. माझी वहिनी बार्शी तालुक्यात खेड्यात असते. तिच्याकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन गेल्या, तापमान बघितलं, पाजणं बघितलं, तिला रक्तस्राव किती आहे ते विचारलं. मी शहरात, चांगल्या पगाराची, महागड्या हॉस्पिटलात बाळंत झालेली, आणि माझ्या घरी मला बघायला येणारी एकच बाई होती, तीही मी ५०० रुपये देऊन लावलेली. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

सासूबाई गेल्यानंतरचे दिवस कठीण गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड, हे बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. मुलगी झोपली तरी मला झोप लागत नव्हती, छताकडे बघत पडून राहायचे. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं, बाळ गोड आहे, नवरा चांगला आहे. मावशींनी डब्यातले लाडू मोजले. आईने एसटीने पाठवलेले अळीवाचे लाडू, रोज एक खायचा ठरलेला, आणि चार दिवस डबा तेवढाच भरलेला. विचारलं, "झोपतीस का रात्री?" मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम सकाळी आठला आल्या, नवरा ऑफिसला निघायच्या आधी. त्याला समोर बसवून म्हणाल्या, "दादा, हिची झोप गेलीय. दूध पाजलं की पोर तुमी घ्यायची, ढेकर तुमी काढायचा, दुपटं तुमी बदलायचं. रातचं पाच तास हिला कुणी हाक मारायची न्हाय. आन डॉक्टरला सांगा."

नवऱ्याने ऐकलं. त्या रात्रीपासून तो हॉलमध्ये पाळण्याजवळ झोपायला लागला. मी रात्री काढून ठेवलेलं दूध तो वाटी-चमच्याने पाजायचा. आणि सहा आठवड्यांची वाट न बघता आम्ही डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, एडिनबर्गची प्रश्नावली म्हणतात, १९८७ पासून जगभर वापरतात. ३० पैकी गुण, जितके जास्त तितकी काळजी. माझे ११ आले. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का असा असतो. तो मला डॉक्टरांनी वेगळा, हळू आवाजात, नवऱ्याला बाहेर बसवून विचारला. माझं उत्तर नाही होतं. समुपदेशकाकडे पाठवलं, दोन आठवड्यांनी पुन्हा कागद भरला, ६ आले. ज्यांना डॉक्टरांपर्यंत जाणं होत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास. हा नंबर बाळंतविड्याच्या यादीत दुपट्यांच्या वर लिहा.

खाण्याचं थोडक्यात. बाहेरून आणलेले डिंकाचे लाडू घेऊ नका. मी एका प्रसिद्ध दुकानातून ९०० रुपये किलोने आणले, निम्मी साखर आणि वनस्पती तूप, टाळूला चिकटत होते. मावशींनी अळीव करायला शिकवला, तो सोपा आहे. नारळाच्या पाण्यात अळीव भिजत घालायचा, तास-दोन तासांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत कवच येतं आणि वाटीभर होतं. त्यात ओलं खोबरं, गूळ, वरून जायफळ, मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतायचं. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी त्या स्वतः कधी कधी डब्यात आणायच्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. पाणी कमी पी, पोट सुटतं, हा त्यांचा सल्ला मात्र मी मानला नाही. पाजणाऱ्या बाईला तहान लागते, तहान लागली की प्यायचं, डॉक्टरांचं म्हणणं तेच.

पोट बांधण्याबद्दल विचाराल तर, टाके भरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने, जुन्या धुवट सुती साडीच्या पट्टीने, हात आत जाईल इतकं सैल बांधून दिलं. पोट त्यानेच कमी होतं असं मी म्हणणार नाही. उठता-बसताना आधार वाटायचा, एवढं खरं.

दीड महिन्याच्या लशीच्या दिवशी मांडीला सुई टोचलेली होती, तिथे त्यांनी दोन दिवस हात लावला नाही, बाळाला नुसतं पुसून दिलं. हेही मी सांगितलं नव्हतं.

मावशी हव्या असतील तर सातव्या महिन्यातच शोधायला लागा, चांगल्या मावशींचे पुढचे दोन-दोन महिने भरलेले असतात. आमच्या मावशींचा नंबर त्यांना विचारल्याशिवाय कोणाला द्यायचा नाही असं त्यांनी सांगितलंय, त्यामुळे मागू नका. तुमच्या हॉस्पिटलातल्या आयाबाईंना विचारा, भाजीवालीला विचारा, सोसायटीत ज्यांच्याकडे वर्षाच्या आतलं बाळ आहे त्यांना विचारा. आल्यावर त्यांची नखं बघा, अंगठ्या काढतात का बघा, आणि डॉक्टरांचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते बघा. पैसे आठवड्याला द्या. त्यांच्या चहाची वेळ सांभाळा, सकाळपासून तीन घरं वाकून वाकून करून आलेल्या असतात.

शेवटच्या दिवशी खणा-नारळाने ओटी भरली, साडी दिली. नको नको म्हणत घेतली. मुलीची दृष्ट काढली, मग मला समोर बसवून माझीही काढली, मीठ-मोहरीची.

सध्या त्या आमच्याच सोसायटीत बी विंगमध्ये एका बाळंतिणीकडे येतात. परवा लिफ्टमध्ये भेटल्या. मुलगी माझ्या कडेवर होती, आता चार महिन्यांची आहे, त्यांच्याकडे बघून हसली. मावशींनी तिच्या गालाला हात लावायच्या आधी माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "झोप हुती का गं?"

मी म्हटलं, "होते, मावशी."